फळीखालचे त्रेसष्ट

या प्रकरणात मला काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला उगाच निःस्वार्थी समजायला नको. धक्क्याच्या तोंडाशी सिमेंटचा एक फलक लागणार होता. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुंदर किनारा स्पर्धा, प्रथम क्रमांक, तोलोबुंगी' आणि त्याखाली, जरा लहान पण चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत, 'संकल्पना : बाहरून गुरुजी'. हे एक. दुसरं म्हणजे लग्नाच्या जेवणातली जागा. आमच्या तोलोबुंगीत लग्नाला दोन जातींची माणसं येतात : आत चटईवर बसणारी आणि बाहेर ताडपत्रीखाली बसणारी. चटईवर गावप्रमुख, इमाम, मक्केला जाऊन आलेले आणि ज्यांच्या बोटीला दोन इंजिनं आहेत ते. ताडपत्रीखाली उरलेला समाज. मी सव्वीस वर्षं या गावाला पाढे शिकवले. चटईवरच्या निम्म्या लोकांना बेरीज येते ती माझ्यामुळे. तरी सव्वीस वर्षं मी ताडपत्रीखाली, लाउडस्पीकरच्या खांबाला टेकून, आंबट कालवणातलं माशाचं शेपूट चघळत आलो. माशाचं डोकं आत जातं.

तर जमेची बाजू अशी : फलक एक, चटई एक, डोकं एक. खर्च शून्य. कारण लागणारं भांडवल माझ्या घराखाली आपोआप पोहत होतं.

आमचं घर पाण्यात खांबांवर उभं आहे. स्वयंपाकघराच्या मागे भांडी घासायला एक रुंद फळी पाण्यावर काढलेली आहे. तिच्याखाली, कमरेएवढ्या पाण्यात, काळ्या समुद्रसाळूंची वस्ती होती. साळू म्हणजे मुठीएवढं अंग आणि त्याला चहूबाजूंनी वीतभर काटे. हात लावला तर काटा आत मोडतो आणि आठवडाभर माणूस समुद्राला शिव्या देतो. त्या काट्यांच्या आत राहायचे चापुंगान. बोटाएवढा मासा, चांदीच्या अंगावर काळे पट्टे, लांब पंखांवर पांढरे ठिपके. एखादी बाई लग्नाला जायचं म्हणून असेल नसेल ते सगळं घालून बसावी आणि मग जाणंच रद्द व्हावं, अशा थाटात तो जागच्या जागी तरंगत असतो. हा मासा मूळचा आमच्याच बांग्गाई बेटांचा, आणि बेटांतसुद्धा हिंडत नाही. ज्या साळूपाशी जन्मला त्याच्या चार हातांत जगतो आणि तिथेच मरतो. सरकारी नोकरीत असता तर बदली म्हटल्यावर रजेवर गेला असता.

माझ्या बायकोला, वार्दियाला, या माशांचं माझ्याहून जास्त कळायचं. ती डोंगरातली. लग्न करून पाण्यावरच्या घरात आली तेव्हा पहिलं वर्षभर तिला रात्रंदिवस पायाखाली हलल्यासारखं वाटे. माझी आई तेव्हा हयात होती आणि आईचा स्वभाव असा होता की हलणाऱ्या घरापेक्षा सुनेला त्याचीच भीती जास्त. वार्दिया मागच्या फळीवर भांडी घासता घासता खाली बघून बोलायची. मासे तिनं टाकलेलं काही खात नसत. पण तिची सावली पडली की काट्यांतून वीतभर वर येत आणि ऐकून घेत. आमच्या घरात ऐकून घेणारं तेवढंच होतं.

यांच्यात अंडी बाप सांभाळतो, हेही तिनंच मला दाखवलं. अंडी तोंडात धरतो ती तीन आठवडे, मग पिल्लं निघाली तरी आणखी आठवडाभर. तोवर अन्न नाही, पाणी नाही.

"बघा," ती म्हणायची, "महिनाभर तोंड मिटून. आणि तुम्हाला दोन घासांच्या मध्ये गप्प बसवत नाही."

असो. तर स्पर्धेचं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या बेटांचा मासा ज्या गावाच्या किनाऱ्यावर दिसेल त्या गावाला जादा गुण. मी पत्रक घेऊन थेट गावकचेरीत गेलो. तिथे सुहार्ती बाई बसतात. त्या माझ्याच विद्यार्थिनी, पण खुर्चीवर बसल्यावर त्यांना ते आठवत नाही.

"मासे किती?" त्यांनी विचारलं.

"साधारण साठ."

"साधारण असा रकाना नाही, गुरुजी."

घरी येऊन मी फळीवर पालथा पडून मोजले. अठ्ठावन्न भरले. शेजारच्या तास्लिमला बोलावलं. तो फेरीबोटीच्या इंजिनखोलीतून निवृत्त झालेला आहे आणि तेव्हापासून सल्ला हाच त्याचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्याचे एकाहत्तर भरले, कारण तो सावल्याही मोजत होता. आमचं भांडण ऐकून आतून, भांड्यातून मान वर न काढता, वार्दिया म्हणाली, "त्रेसष्ट." पुढे दोन दिवस मोजून आम्हीही तिथेच आलो.

"आता जमिनीचा कागद," सुहार्ती बाई म्हणाल्या.

"जमीन नाही हो बाई. घराखाली पाणी आहे."

"मग जमीन नसल्याचा कागद आणा."

"तो कोण देतं?"

"आम्हीच. पण त्याला चारी बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या लागतात."

"तीन बाजूंना समुद्र आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग चौथ्या बाजूच्याची तीन जादा घ्या."

चौथ्या बाजूला तास्लिम. त्यानं चार ठिकाणी सही ठोकली आणि त्या दिवसापासून तो या योजनेत आपला हिस्सा बारा आणे धरू लागला. "आपले मासे" असं तो चारचौघांत म्हणायचा. मला बोचायचं, पण सह्या त्याच्याच होत्या.

इथपर्यंत सगळं माझ्या प्रतिष्ठेला शोभेल असंच चाललं होतं. मग गावप्रमुख लामुदिन घरी आले. ते कुणाच्या घरी जात नाहीत, त्यामुळे मी सदरा उलटा घातला. त्यांनी कॉफी घेतली, मिरचीच्या ठेच्याशी तळलेलं केळं खाल्लं, आणि मग फळीवर जाऊन खाली पाहिलं.

"गुरुजी, हे काळं काय आहे?"

"साळू. मासे त्यातच असतात."

"गेल्या वर्षी पलीकडच्या गावात परीक्षक बाईंनी फोटोसाठी पाण्यात पाय सोडला. काटा गेला. ते गाव शेवटून पहिलं आलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाई याच आहेत. पाय सोडणार म्हणजे सोडणार. त्याशिवाय त्यांचा फोटो होत नाही. तेव्हा हे उचला."

"सगळे?"

"पायाला माहीत असतं का, कुठला साळू राहिलाय?"

ते गेल्यावर वार्दिया म्हणाली, "मग मासे कुठे राहतील?"

"पाण्यात," मी म्हणालो. "मासे पाण्यात राहतात, वार्दिया. दुसरीच्या वर्गाला पहिला धडा हाच आहे."

"मग दुसरीला सांगा. मी बावीस वर्षं बघतेय."

मी तिला समजावलं की साळू मारायचे नाहीत, नुसते उचलून पलीकडच्या खांबांशी ठेवायचे. मासे मागोमाग जातील. माणसाचं घर हललं की माणूस जातोच ना. ती म्हणाली, "हो, जातो. मी गेले तशी." आणि आत गेली.

तास्लिम म्हणाला, "एकट्यादुकट्याचं काम नाही हे. गावकाम बोलवा."

आता गावकाम बोलावणं म्हणजे काय, हे आमच्या बेटांवर ज्यानं बोलावलं नाही त्याला कळायचं नाही. निरोप गेला की प्रत्येक घरातून एक माणूस येतो. नाही म्हणता येत नाही. बोलावणाऱ्यानं पोटभर जेवू घालायचं. आणि एक नियम असा की आलेल्याच्या हाताला बोल लावायचा नाही. त्यानं छप्पर तिरकं शाकारलं तरी तुम्ही म्हणायचं, वा, काय बसलंय. कामाला आलेल्याला 'असं नको' म्हणणारा माणूस उद्या मेला तर खांदा द्यायला शोधाशोध होते. असं झाल्याचं उदाहरण गावात एक आहे आणि ते पोरांना गोष्टीसारखं सांगतात.

रविवारी ओहोटीला चाळीस माणसं आली. बांबूचे चिमटे, बादल्या, टोपल्या. मी फळीवर उभा राहून भाषण केलं : साळू हळुवार उचलायचे, काटे मोडू द्यायचे नाहीत, पलीकडच्या खांबांशी तशाच ओळीत ठेवायचे. लोकांनी ते आदरानं ऐकलं. आमच्याकडे आदरानं ऐकणं आणि ऐकणं या दोन स्वतंत्र क्रिया आहेत.

अर्ध्या तासात कुणीतरी एक साळू दगडावर फोडला.

"गुरुजी! भरलेत की हो! पिवळेजर्द!"

संपलं. साळूच्या पोटातला गर म्हणजे आमच्या लोकांचा जीव. बायका घरोघर जाऊन लिंबं आणि मिरच्या घेऊन आल्या. पलीकडच्या खांबांशी जायला निघालेल्या टोपल्या मधल्या वाटेवर रिकाम्या व्हायला लागल्या. आत वार्दिया चाळीस जणांचा कंद उकडत होती, सागोच्या भाकऱ्या थापत होती. बाहेर चाळीस जण गर खाऊन तृप्त होत होते. "गुरुजींसारखं गावकाम कुणी बोलावलं नाही," असं तीन जण तीन वेळा म्हणाले. मला ते आवडलं, हे मी लपवत नाही. काम इतकं रंगलं की साळू संपत आल्यावर लोकांनी पाण्यातलं गवतही उपटलं, तुटकी प्रवाळं उचलून बांधाला टाकली. चूळ भरलेल्या तोंडासारखा तळ स्वच्छ झाला.

शेवटी फळीच्या बरोबर खाली तीन साळू उरले. एकेक साळू जाईल तसे मासे मागे सरकत सरकत त्या तिघांत आले होते. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. तीन छत्र्यांखाली सगळी वरात उभी राहावी तसे एकमेकांच्या अंगाला अंग लावून. त्यातल्या दोघातिघांचे गळे फुगलेले होते. तोंडं गच्च मिटलेली.

वार्दिया पिठाचे हात घेऊन बाहेर आली. माझ्या मागे उभी राहिली आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "अहो, आता पुरे म्हणा."

एकच शब्द म्हणायचा होता. पण चिमटा हाजी मकसूद यांच्या हातात होता. हाजी मकसूद म्हणजे चटईवरचे, दोन इंजिनांचे. स्वतः लुंगी खोचून माझ्या गावकामाला आलेले. त्यांच्या हाताला बोल लावायचा? चाळीस माणसांदेखत? मी घसा साफ केला. त्यांनी वर बघितलं.

"हाजीसाहेब," मी म्हणालो, "जपून हं. काटा लागेल."

"छे हो गुरुजी, सवय आहे," ते म्हणाले आणि तिन्ही उचलले.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. खाली ते दोघेतिघे बाप पोरांसाठी तोंड मिटून होते. वर मी, सव्वीस वर्षांत ज्याचं तोंड कधी मिटलं नाही असा माणूस, अब्रूसाठी मिटून होतो. त्यांना महिनाभर जमत होतं. मला एकदाच जमलं.

मासे पलीकडच्या खांबांशी गेले नाहीत. तिथे आठदहा साळू खरंच पोचले होते, वीस पावलांवर. पण चापुंगानला वीस पावलं म्हणजे परदेश. ते उघड्या तळावर, साळू जिथे होते बरोबर तिथेच, काट्यांच्या आकारात तरंगत राहिले. वार्दियानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. ती फक्त ताट वाढताना आकडा सांगायची. भरतीबरोबर खाडीत मोठे मासे येतात, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"एकावन्न," ती सोमवारी सकाळी कालवण वाढताना म्हणाली.

"अडतीस," दुपारी.

मंगळवारी तिनं आकड्याऐवजी वेगळंच सांगितलं. एका बापानं घाबरून तोंड उघडलं. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं बाहेर पडली. ती लपायला काटे शोधत होती. फळीला दोरीनं बांधलेला भांडी घासायचा काथ्या पाण्यात लोंबत होता, सगळी त्यात शिरली. वार्दिया मग भांडी न घासता तो काथ्या धरून तशीच बसली. ओहोटी लागल्यावर काथ्या पाण्याबाहेर येईल म्हणून दोरी लांब करायला उठली, तेवढ्यात एक लांब तोंडाचा मासा आला.

"भात वाढू का?" तिनं विचारलं.

मी तास्लिमकडे धावलो. संकटात मी तास्लिमकडे जातो, हे माझ्या बहुतेक संकटांचं मूळ आहे. तो म्हणाला, "काटेच पाहिजेत ना त्यांना? खरे साळू परत आणले तर शनिवारी बाईंच्या पायाची पंचाईत. ताडाच्या काळ्या काथ्याचे झाडू आहेत की घरोघर. नारळाची करवंटी घ्यायची, त्यात झाडूची मूठ खोचायची, खाली दगड बांधायचा. साळू नाही तर काय तो?"

कल्पना वाईट वाटली नाही. गावातले सव्वीस झाडू आम्ही गोळा केले. करवंट्यांना भोकं पाडता पाडता माझा अंगठा गेला. बुधवारी झाडूंचे साळू तळाला बसले तेव्हा चौदा मासे उरले होते. ते पुढे आले. एक तर आतही शिरला. मी आनंदानं तास्लिमचा हात धरला.

"फसायचे नाहीत ते," वार्दिया मागून म्हणाली.

ती म्हणाली ते खरं होतं. साळू जिवंत असतो. काही जवळ आलं की तो काटे तिकडे वळवतो. झाडू वळत नाही. गुरुवारी भरतीत एकाचा दगड सुटला, मग दुसऱ्याचा. गावचे झाडू रांगेनं मशिदीच्या पायऱ्यांशी जाऊन लागले. सुंदर किनाऱ्याच्या ऐन तोंडावर दोन दिवस गावात कुणाला अंगण झाडता आलं नाही. त्याबद्दल माझा उद्धार कुणी केला आणि कुठल्या शब्दांत, ते इथे लिहीत नाही. लिहिणाऱ्यानं काही पथ्यं पाळायची असतात.

त्या संध्याकाळी ताट वाढताना तिनं आकडा सांगितला नाही. मीही विचारला नाही.

शनिवारी परीक्षक आले. बाई भल्या होत्या. पांढरे बूट काढून त्यांनी आमच्या फळीवर बसून पाण्यात पाय सोडला, घोट्यापर्यंत, आणि खाली वाकून बघितलं.

"मासे कुठेत?"

"दुपारचे झोपतात," तास्लिम म्हणाला. चार सह्यांचा धनी तो.

बाईंनी पाय हलवला, फोटो झाला. "पाणी काय स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही!" त्या म्हणाल्या. "नाहीतर बाकीच्या गावांत काटेच काटे." आम्ही पहिले आलो.

फलक लागला. रंगाऱ्यानं चापुंगान पाहिलेला नव्हता. त्यानं माणसाएवढा नारिंगी मासा काढून त्याला हसवलं. महिन्याभरात हाजी मकसूद यांच्या मुलीचं लग्न झालं. मला आत चटईवर बसवलं, माझ्यापुढे कालवणातलं डोकं ठेवलं. हाजीसाहेब सगळ्यांना सांगत होते की गुरुजींच्या घरचे शेवटचे तीन साळू आपण कसे एका झटक्यात उचलले. मी म्हणालो, "वा, काय उचललेत." नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी मी होडी घेऊन खाडीच्या पलीकडच्या टोकाला गेलो. तिथे जालाली आजोबा राहतात. बाजाऊ माणूस, जन्म पाण्यावर. त्यांच्या घराखाली साळू आहेत आणि साळूंत चापुंगान आहेत. ते जाळं विणत होते.

"आजोबा, थोडे साळू द्याल का? आणि थोडे मासे."

"साळू ने. दहा ने."

"आणि मासे?"

"मासे नाही देणार."

"का हो?"

"मुलगी देताना घर बघतात की नाही? तुझं घर मी बघितलंय, गुरुजी. गावकामाच्या दिवशी इथून दिसत होतं."

"साळू लावले तर आपोआप नाही येणार?"

"कुठून येणार? यांची पोरं बापाच्या तोंडातून निघतात ती त्याच साळूत शिरतात. लाटेबरोबर वाहत जाणारी जात नाही ही. जिथली संपली, तिथली संपली." त्यांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "तीन वर्षं साळू राख. कुणाला फोडू देऊ नकोस. मग ये, बघू."

"कुणी फोडायला आलं तर?"

"तर पुरे म्हणायचं," आजोबा म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

दहा साळू मी फळीखाली सोडले. तास्लिमनं येऊन पाहिलं आणि पुढच्या वर्षीपर्यंत गर धरेल असं अनुमान काढलं.

आता एकूण ताळा. परीक्षक बाईंचा पाय भिजला, तो त्यांनी पुसला. गावानं एक दिवस पोटभर गर खाल्ला, सव्वीस झाडू गमावले, पैकी एकोणीस परत मिळाले. तास्लिमला काही द्यावं लागलं नाही. मी जे जे मिळेल म्हणून मांडलं होतं ते तंतोतंत मिळालं : फलक, चटई, डोकं. माझ्या गणितात चूक नव्हती. त्रेसष्टांनी त्यांच्याकडे होतं ते दिलं, तोंडातल्यांसकट. बाकी जे राहिलं ते वार्दिया भरते आहे.

ती भांडी आता पुढच्या पायरीवर घासते, रस्त्याकडे तोंड करून, आणि कुणाशी बोलत नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार तिनं लावून टाकलं आहे. त्यामुळे चुलीचा धूर आत कोंडतो आणि ती खोकत खोकत कंद उकडते. काल मी म्हणालो, "दार उघडू का जरा?"

"कशाला?" तिनं विचारलं.

मी चुलीपाशी तिच्या शेजारी बसलो आणि दोघंही खोकत राहिलो.